नागनाथच्या लेकराचं नाव

कुणी कुणाला 'ए नाग्या' अशी हाक मारली की अजूनबी माझ्या तोंडाला पाणी सुटतं. जेवायच्या आधी सुटतं ते न्हाई, ओकारीच्या आधी सुटतं ते. ही खोड मला माझ्या भावजयीपासून लागली. तिचं नाव मनकर्णा. तिचीच गोष्ट सांगते. ऐकायची असली तर नीट बसून ऐका, मधी मधी हुं हुं करू नका, मला त्याचाबी राग येतो.

मी सरजाबाई. नवरा दारू पिऊन हात उचलायला लागला तसं एका सकाळी लुगड्याचं गाठोडं उचललं आन माहेरी आले, ती आलेच. माहेरी धाकटा भाऊ होता. त्याचं नाव नागनाथ. आमच्या आजीनं औंढ्याच्या देवावरून ठेवलेलं. पुढं आमच्या बापानं दीक्षा घेतली, घरातले सगळे देव गोदावरीत सोडून आला, पण पोराचं नाव काही नदीत सोडता येत न्हाई, ते राहिलं. राहिलं म्हणजे नुसतं शाळेच्या दाखल्यावर राहिलं. माय त्याला नागू म्हणायची. मी बापू म्हणते. आन गाव म्हणायचं नाग्या.

राणीसावरगावच्या अलीकडं आमचं गाव. बापू तिथला गवंडी. त्यानं उभी केलेली भिंत ओळंबा सोडून बघा, केसाचा फरक सापडायचा न्हाई. गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. आन त्याच भिंतीच्या सावलीला उभं राहून शेंबडं पोरगंबी म्हणायचं, 'ए नाग्या, खाली उतर, आजा बोलवायलाय.' हा बांबूच्या परांचीवरून मान वळवायचा आन म्हणायचा, 'जी.'

त्या 'जी'नं माझं टाळकं फिरायचं. नाग्या म्हणणारी जीभ दुसऱ्याच्या तोंडातली, तिला आपण काय करणार? पण 'जी' म्हणणारी जीभ तर आपल्या घरची. मी बोलायला गेले की हा हसायचा.

"आक्का, नावानं अंगाला भोक पडतंय का? मजुरी मिळती का न्हाई ते बग."

मग मी भाकरी थापायची ती जरा जोरात थापायची. दुसरं काय करणार?

मनकर्णा चारठाण्याची. जुन्या देवळांच्या गावची. बारीक चणीची, बोलायला कमी. कमी बोलायची म्हणून मऊ होती असं कुणी समजू नका. तिचं नाक लय तिखट होतं. ताक उतरलं, तेलाला वास आला, कणगीमागं उंदीर मेला, की घरात पहिलं तिला कळायचं. बोलायची न्हाई, नाकाचा शेंडा तेवढा वर व्हायचा. पुढं पुढं माझ्या ध्यानात आलं, माणसांच्या बोलण्यातलाबी वास तिला तसाच येतो. कुणी गोड बोलून घाण बोललं की ती तोंड फिरवून घ्यायची. बापूला कुणी नाग्या म्हणलं की ती तर दोन पावलं बाजूलाच सरकायची. बापूला वाटायचं, बायको लाजायली.

बहात्तरचा दुष्काळ सरला आन त्याच्या पुढच्या सालापासून दिनकररावानं माडी बांधायला काढली. दिनकरराव म्हणजे गावातला सगळ्यात मोठा शेतकरी, मळ्यावर दोन विहिरी. गवंडी अर्थात बापू. मी खाली माल कालवायची, मनकर्णा घमेलं उचलून वर द्यायची. तिचं पोट दिसायला लागलं होतं. मी म्हणलं, घरी बस, तर म्हणली, घरी बसून काय करू, भिंतीकडं बघू?

दिनकररावाचा नातू तेव्हा बोलायला शिकत होता. आजी म्हणता येईना, आजा म्हणता येईना. त्या दिवशी दिनकररावाची बायको केशरबाई त्याला कडेवर घेऊन काम बघायला आली. बापूकडं बोट करून नातवाला म्हणली, "हे कोण रे राजा? सांग बरं, कोण हाय हे?"

लेकरानं बोट चोखत वर बघितलं आन म्हणलं, "नाग्या."

काय हसलं हो ते घर. जसं काय लेकरानं पोथी वाचली. केशरबाईनं आतून सुना बोलावल्या, दिनकरराव ओसरीवरून उठून आला. "आजा म्हणाया येईना आन नाग्या बगा कसं खणखणीत म्हणतंय," असं म्हणून त्यानं लेकराकडून परत म्हणवून घेतलं. लेकरू म्हणलं की गुळाचा खडा. परत म्हणलं की परत खडा. आन माझा भाऊ? थापी काखेत धरून, परांचीवर उभा राहून, हर एक वेळी दोन हात जोडून म्हणायचा, "जी, धाकटे मालक." लेकराला लय मजा वाटायली. आपण तोंड उघडलं की वरचं माणूस हलतंय, चावीच्या खेळण्यासारखं.

त्या लेकराचा काय दोष? लेकराला जे शिकवलं ते त्यानं म्हणलं. मला किळस आली ती दात काढून हसणाऱ्या मोठ्यांची. आन सांगते, सगळ्यात जास्ती किळस आली ती जोडलेल्या हातांची.

मनकर्णानं घमेलं खाली ठेवलं, चुन्याच्या खड्ड्याच्या पलीकडं गेली आन भडाभडा ओकली. केशरबाई म्हणली, "अगं बाई, पोट दिसायला लागलं तरी उलट्या सरल्या न्हाईत का? लिंबू चोख जरा." मनकर्णानं पदरानं तोंड पुसलं आन घमेलं उचललं.

घरी आल्यावर मी तिला लिंबू कापून दिलं. तिनं ते बाजूला ठेवलं.

"आक्का, ती उलटी दिवसांची नव्हती."

"मला कळलं," मी म्हणलं.

"त्या लेकराच्या तोंडातून लाळ गळायली होती आन त्या लाळेतून माझ्या माणसाचं नाव गळायलं होतं. माझं जन्माला आलं की त्याचंबी असंच करतील." मग पोटावर हात ठेवून म्हणली, "मी त्याला असं नाव ठेवीन की ते कुणाला थुकता येणार न्हाई."

उन्हाळ्यात तिला पोरगा झाला. धडधाकट, काळंभोर जावळ. मनकर्णाचा भाऊ सूर्यभान जिंतूरकडं मास्तर होता, तो लेकराला बघायला आला. खिशाला दोन पेनं, पायात बूट. येतानाच नाव घेऊन आला होता.

"मिलिंद ठेवायचं," म्हणला. "मोठा राजा होऊन गेला. आपल्या धम्मात मान हाय त्याला."

माझ्या मनात पंडित होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा असतोय, ते मी सूर्यभानला पहिलंच सांगून टाकलं. मास्तर असला तर त्याच्या शाळेत.

मनकर्णा बाजेवर लेकराला पाजायली होती. ती म्हणली, "आक्का, दिनकररावासारखी हाक मारून दावा. मिलिंदला."

दिनकररावाची नक्कल मला चांगली यायची. मी उठले, पदर खोचला, पोट पुढं काढलं आन नाकातून आवाज काढला. "ए मिलिंद्या, कुठं मेलास रे?"

सूर्यभानचं तोंड उतरलं. मनकर्णाच्या नाकाचा शेंडा वर गेला. "न्हाई," ती म्हणली. "आता पंडितला मारा."

माझ्या जिवावर आलं, पण मारली. "ए पंडित्या, जोडे उचल."

"न्हाई."

खोटं काय बोलू, मला लय लागलं ते. पण माझ्याच तोंडातून निघालेलं मी माझ्या कानानं ऐकलं होतं. पंडिताचा पार चिखल झाला होता. सूर्यभान म्हणला, मग सिद्धार्थ, न्हाईतर गौतम. मी भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, पोट पुढं काढलं, पण जीभ काही वळंना. मी खाली बसले.

"तुमच्यानं म्हणवत न्हाई," मनकर्णा म्हणली, "पण त्यांची जीभ कशाला अडतीय?"

सूर्यभान समजावायला लागला. मास्तर माणूस, बोट वर करून बोलायचा. "हे बग, कागदावर चांगलं नाव असलं म्हणजे झालं. घरात, गावात काहीबी म्हणू दे. उद्या शाळेत गेलं की मिलिंद नागनाथ म्हणूनच हजेरी होणार."

"दादा, ह्यांचं कागदावर काय हाय?"

"नागनाथ."

"मग?"

सूर्यभानचं बोट खाली आलं. मनकर्णानं लेकरू या अंगावरून त्या अंगावर घेतलं. "कागदाचं नाव कुणी तोंडात घेत न्हाई. दिवसभर चालतंय ते हाकेचं नाव. म्हणून आदी हाकेचं ठरवायचं. त्याच्यावरून मग कागदाचं बघू."

असं उलटं कुणी केलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. लोक मोठं नाव ठेवत्यात आन मग लाडानं ते मोडून बारीक करत्यात. हिला आदी बारीक पाहिजे होतं, जे आणखी मोडणार न्हाई. तवापासून माझ्या गळ्याला काम लागलं. भांडी घासता घासता ही एक नाव काढायची आन मी अंगणात उभी राहून त्याला दिनकररावाची हाक मारायची. शेजारणी कुंपणावरून बघायच्या. एकीनं तर बापूला गाठून इचारलं, तुमच्या आक्काला दिनकररावाचं वारं लागलं का काय? एकबी नाव टिकलं न्हाई. आपली भाषाच अशी हाय, कुणाच्याबी नावाचं शेपूट पिरगाळून हातात देती. लेकरू आपलं बिननावाचं हातपाय उडवत पडलेलं.

मग एकदा आमी पालमच्या बाजाराला गेलो. येताना एस्टीला ही गर्दी. कंडक्टर सगळ्यांवर खेकसायला होता. फेटेवाल्या एका बड्या माणसाला म्हणला, "ए भाऊ, पुढं सरक." आन आमच्या मागच्या मजुराला, त्याच्या अंगावर सदरा म्हणावा असंबी काही नव्हतं, त्याला म्हणला, "ए भाऊ, सरक की पुढं." त्याच आवाजात, तेवढ्याच तुसडेपणानं.

मनकर्णानं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. "आक्का, ऐकलं?"

"काय?"

"रागानं म्हणला तरी भाऊच म्हणला."

घरी आल्याबरोबर मी गाठोडं खाली ठेवलं आन पोट पुढं काढलं. ए भाऊ, कुठं मेलास? ए भाऊ, जोडे उचल. नाकातून म्हणून बघितलं, दात खाऊन म्हणून बघितलं. शिवी द्यायला जावं तर आपलं नातं निघतंय. मनकर्णा चौकटीला टेकून ऐकायली होती आन तिचं नाक जागच्या जागी होतं. हाकेचं नाव भाऊ ठरलं. त्याच्यावरून कागदाचं भाऊराव.

बापूला सांगितलं तर त्याच्या हातातला घास हातात राहिला.

"दिनकररावानं माझ्या लेकराला भाऊ म्हणायचं?"

"म्हणायचं," मनकर्णा म्हणली.

"लोक हसतील. कामं जातील."

"हसू द्या."

नाव ठेवायच्या दिवशी फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. मी लेकराच्या कानात कुर्र केलं आन नाव सांगितलं, तशा बायांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले की मला खोकला आला. घुगऱ्या वाटल्या. बापू दिवसभर दारातच घुटमळत होता. बाया गेल्यावर त्यानं लेकरू हातात घेतलं, त्याच्या कानाशी तोंड नेऊन "भाऊ" म्हणला आन लगेच इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. चोरी केल्यासारखं. आपल्याच लेकराचं नाव घ्यायला त्याची ही तऱ्हा. मला रडू आलं आन रागबी आला, आन दोन्ही एकदम आलं की माझ्या तोंडातून शिवीच निघती.

दिनकररावाच्या माडीचा वरचा मजला राहिला होता. लेकरू मान धरायला लागलं तसं मनकर्णा परत कामावर आली. लिंबाच्या फांदीला झोळी बांधली, त्यात भाऊ. दिनकरराव दात कोरत आला.

"काय रे नाग्या, नाव काय ठेवलंस?"

"भाऊराव, मालक," बापू म्हणला. माफी मागितल्यासारखं.

"भाऊराव?" दिनकररावाचं पोट गदागदा हलायला लागलं. "कुणाचा रे भाऊ? माझा का तुझा?"

मजूर हसले. बापूबी हसला. मनकर्णा हसली न्हाई. तिला हसण्याशी काही घेणं नव्हतं, ती हाकेची वाट बघायली होती. मीबी माल कालवता कालवता कान लावून होते. म्हणलं, हसू दे किती हसायचं ते. कधी तरी लेकराचं नाव घ्यावंच लागंल.

लेकरू रडलं. वरून केशरबाई म्हणली, "अगं ए, नाग्याचं रडायलंय."

दुपारी दिनकरराव झोपायला निघाला, तो म्हणला, "नाग्याच्याला गप करा, डोळा लागू देईना."

त्यांची धाकटी सून झोळीत वाकून बघून गेली. तिला लेकरांची आवड होती, तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ती म्हणली, "नाग्याचं लय गोजिरं हाय की."

नाग्याचं उठलं. नाग्याच्याला मुंग्या चावत्याल. नाग्याचं दूध पिलं का? दिवस मावळला, पण एवढ्या मोठ्या घरातल्या एकाच्याबी जिभेला भाऊ ही दोन अक्षरं लागली न्हाईत. ठरवून केलं असतं तर मी म्हणलं असतं, दुष्ट हायत. ठरवलंबी नव्हतं. नुसतं तोंड उघडलं की तेच निघायलं होतं, नाल्यातून जे निघतंय तेच निघणार. मुडदा बशिवला यांच्या बोलण्याचा. आमी एवढं हुडकून, घासून पुसून नाव आणलं आन यांनी ते हातातबी घेतलं न्हाई.

त्या संध्याकाळी मनकर्णा बापूपुढं ताट ठेवून उभीच राहिली. एरवी ती त्याच्याशी आवाज वाढवायची न्हाई.

"लेकराचं नाव मी ठेवलं," ती म्हणली. "पण त्याच्या म्होरं तुमचं लागतंय. तुमचंच घाण झालंय तर माझ्या लेकराचं कुठून चांगलं राहील? मी हाय तवर लेकराला धू धू धुवीन, आन ते रोज तुमच्या नावात लोळून येईल."

बापू म्हणला, "मग मी काय करू? त्यांचं तोंड धरू?"

"त्यांचं नका धरू. तुमचं धरा. तुमी 'जी' म्हणू नका."

"आन काम गेलं तर?"

"जाऊ द्या."

"खायचं काय?"

"ते मला ठाऊक न्हाई," मनकर्णा म्हणली. "पण ह्या 'जी'वर आणलेली भाकर मला आता गिळत न्हाई. बगा, ताटात बगा माझ्या." तिच्या ताटात भाकरी तशीच होती. घरात पाजणारी बाई आन दिवसभराच्या कामानंतर अन्नाला शिवली न्हाई. बापूनं आपलं ताट सारलं आन हात धुतला. मी दोघांच्या भाकरी उचलून टोपलीत झाकून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी बापू परांचीवर चढला. विटा लावायला लागला. दिनकरराव खाली येऊन उभा राहिला.

"ए नाग्या, ती खिडकी जरा बारीक घे."

बापूनं वीट उचलली, माल लावला, वीट बसवली.

"ए नाग्या."

थापीनं कडेचा माल कापला. त्याच्या मानेवरची शीर मला खालून दिसायली होती. मनकर्णा डोक्यावर घमेलं घेऊन होती तिथंच थांबली.

"बहिरा झालास का रे, नाग्या?"

तेव्हा तो वळला. हात जोडले न्हाईत, थापी हातातच होती. आवाज एवढा बारीक की मला वाटलं दिनकररावाला ऐकूबी जाणार न्हाई. "मालक," तो म्हणला, "माझं नाव नागनाथ हाय."

सगळं काम थांबलं. दिनकररावानं एकदा बापूकडं बघितलं, एकदा झोळीकडं, एकदा मनकर्णाकडं. मग हसला. लय गोड हसला आन आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणला, "बरं झालं सांगितलं. मग नागनाथराव, आपण उद्यापासून येऊ नका."

थू. जन्मात पहिल्यांदा त्या माणसानं माझ्या भावाचं पुरं नाव घेतलं, वरून रावबी लावलं, आन घेतलं ते हाकलून द्यायला. माझ्या तोंडाला तसं पाणी सुटलं आन मी त्यांच्याच चुन्याच्या खड्ड्याकाठी थुकले. मालाचं फावडं तिथंच टाकलं. मनकर्णानं घमेलं उतरवलं, झोळी सोडली, लेकरू खांद्यावर टाकलं. आमी चौघं घरी आलो.

पुढं गावात कुणी वीट लावायला बोलवलं न्हाई. एकाचं कुंपण पडलं होतं, ते पडलेलंच ठेवलं, पण बापूला हाक मारली न्हाई. म्हणजे बगा, आता नाग्याबी न्हाई आन नागनाथबी न्हाई. मला वाटलं, हा आता मनकर्णावर भडकणार, म्हणणार, बग तुझ्या नावाच्या नादानं काय झालं. पण त्यानं एक दिवस थापी आन ओळंबा पोत्यात बांधला आन म्हणला, "परभणीला जाऊ."

परभणीत एका मोठ्या वसतिगृहाचं काम निघालं होतं. तिथं परगावचे मजूर, परगावचे गवंडी, कुणाची कुणाला ओळख न्हाई. मुकादम पिकल्या मिशांचा होता, गळ्यात मफलर. त्यानं बापूला एक कोपरा बांधायला दिला, बांधलेला बघितला आन इचारलं, "नाव काय तुमचं?"

बापूनं सांगितलं, "नागनाथ."

मुकादमानं मान हलवली आन गेला. त्याच्यासाठी एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी आमी कामाला लागलो. मी आन मनकर्णा खाली, भाऊ वाळूच्या ढिगाशेजारी पोत्यावर बसून दगड चाटायला होता. बापू भिंतीवर. मुकादम पलीकडून आला आन त्यानं हाक मारली.

"नागनाथ मिस्त्री, जरा इकडं या."

बापू वीट लावत राहिला.

मुकादमानं परत मारली. "ओ नागनाथ मिस्त्री."

वीट. माल. वीट. मला आदी वाटलं, ह्याला दिनकररावाच्या वेळची सवय लागली, मुद्दामच वळंना. मी त्याच्या मानेकडं बघितलं. शीर काही ताणलेली नव्हती. मान मोकळी होती. तो आपला तोंडात गुणगुणत मजेत काम करायला होता. शेजारचा गवंडी हसून म्हणला, "मिस्त्री, तुमाला बोलवायलेत." तेव्हा बापूनं मागं वळून बघितलं, आपल्या मागं कुणी उभं हाय का म्हणून बघितलं, मग परत मुकादमाकडं बघितलं.

तवा मला कळलं. त्याला आपलं नाव ओळखू आलं नव्हतं. नाग्या म्हणलं असतं तर झोपेतून उठून उभा राहिला असता. लेकराचा बाप झालेला माणूस, केसात पांढरा केस आलेला, आन त्याच्या स्वतःच्या नावानं त्याला कुणी हाक मारली तर त्याला वाटतंय, दुसऱ्याला मारली. कशाकशाची शिसारी धरावी माणसानं? दिनकररावाची धरावी, गावाची धरावी, का आमची धरावी? मायनं नागू म्हणलं, मी बापू म्हणलं, बायको तर नाव घ्यायचीच न्हाई. आमच्याकडं बायका उखाण्यात काय घेत असतील तेवढंच, एरवी नवऱ्याचं नाव तोंडात घेतलं तर बाईला निर्लज्ज म्हणत्यात. मनकर्णा त्याला 'अवं' म्हणायची. लेकरू झाल्यावर 'भाऊचे बापू'.

मनकर्णानं घमेलं खाली ठेवलं. हात पदराला पुसले. लेकराला पोत्यावरून उचलून कडेवर घेतलं आन भिंतीच्या बुडाशी जाऊन उभी राहिली. सगळे गवंडी, सगळ्या बाया, मुकादम, सगळे होते. तिनं मान वर केली.

"नागनाथ," तिनं हाक मारली.

माझ्या शेजारच्या बाईनं पदर तोंडाला लावला. "बाई बाई, नवरा हाय ना तिचा तो?"

"हाय," मी म्हणलं. "तू तुझं काम कर."

बापू वळला. बायकोच्या तोंडून ते ऐकून त्याचा चेहरा असा झाला होता की काय सांगू. ओठ हलले आन जन्माची सवय बाहेर आली. "जी," तो म्हणला.

मनकर्णाचं नाक वर गेलं.

"जी न्हाई," ती म्हणली. "ओ म्हणा." आन तिनं परत हाक मारली, लेकराला शिकवत्यात तशी, सावकाश, एक एक अक्षर सुटं करून. "नागनाथ."

परांचीवर त्यानं थापी खाली ठेवली. भाऊ खालून त्याच्या तोंडाकडं बघायला होता. मग वरून माझा भाऊ म्हणला, "ओ."